परका वास

चष्मेवालीनं हात वर केला. बोलली काही नाही, बोलायचं नसतंच. वासखोलीत हात वर झाला की त्याचा अर्थ एकच, खोलीत परका वास आहे. आणि परका वास आहे म्हटलं की काम बंद. पट्ट्या पाकिटात, पाकिटं पेटीत, आणि सगळ्यांनी उठून तो वास कुठून येतोय ते शोधायचं. साबणाच्या कारखान्यातली ही सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली. पांढऱ्या भिंती, पडदे नाहीत, गालिचा नाही, कारण कापड वास धरून ठेवतं. इथं बसणाऱ्यानं पावडर लावायची नाही, तेल लावायचं नाही, डब्यात कांदा-लसूण आणायचा नाही, आणि सर्दी झाली तर मुकाट्यानं खाली जाऊन वड्यांवर लेबलं चिकटवायची. नवा साबण बाजारात जायचा तर आधी त्याचा सुगंध कागदाच्या पट्टीवर या खोलीत यायचा, आणि या खोलीत तो सगळ्यात शेवटी चष्मेवालीच्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या नाकाखालून जायचा. कारखान्यात तिला नाकबाई म्हणत. खोलीचे प्रमुख मास्तर. पाहुणे आले की मास्तर तिच्याकडे बोट करून सांगायचे, ह्यांच्या नाकावर आमचा कारखाना चालतो. मग पाहुणे कौतुकानं तिच्या नाकाकडे बघायचे, आणि ते नाक बिचारं अगदी साधं, जरासं बसकंच होतं. त्या सकाळी मात्र वर गेलेला हात बघून नाकबाईंनी आधी पदर मांडीवर ओढून घेतला. सगळे उठले म्हणून ती उठली. मास्तरांनी आपलेच बूट काढून हुंगले, कचऱ्याची टोपली हुंगली, खिडकीची चौकट हुंगली. चोरानं गर्दीत शिरून 'चोर, चोर' ओरडावं तशी तीही इकडेतिकडे वाकून बघत होती, फक्त वाकताना मांड्या घट्ट जवळ धरत होती. शेवटी तिनंच बेसिनच्या भोकाशी नाक नेलं आणि इथून येतोय म्हणून सांगितलं. नाकबाई म्हणाल्या म्हणजे विषय संपला. नळवाला आला, त्यानं खालचा पाइप उघडला, आत काही नाही, कोरडंठाक आहे हो, असं तो दोनदा म्हणाला, पण नाकबाईंच्या नाकापुढे त्याच्या पान्याचं काय चालणार? पाइप बदलला गेला. चष्मेवालीनं सगळं निमूटपणे पाहिलं आणि पुन्हा बसताना खुर्ची जराशी खिडकीकडे ओढून घेतली.

ती जराशी ओढलेली खुर्ची तिला दिवसभर दिसत राहिली. जेवताना दिसली, जिन्यावर दिसली, घरी जाताना बसमध्ये दिसली. बसमध्ये ती उभीच राहिली. शेजारची जागा रिकामी होती, एका म्हातारीनं बस गं म्हणून हातही धरला, पण बसायचं म्हणजे कुणाच्या तरी शेजारी बसायचं. उतरताना तिनं सीटकडे उगाचच वळून पाहिलं, आपण तिथं बसलोच नव्हतो हे विसरून. असं आताशा होत होतं. कुठूनही उठली की मागे वळून बघायचं. खुर्ची, पलंगाची चादर, शेजारणीच्या घरचा सोफा. आणि बघून झालं की हसायचं, कुणाला वाटावं बाई पर्स विसरली असेल.

अंगावरून जात होतं. आता अंगावरून जाणं हे काही तिला नवीन नव्हतं. कुठल्या बाईला असतं? महिन्याच्या मध्यावर अंड्यातल्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं, पाळीच्या आधी जरा दाट, वाळलं की कपड्यावर फिकट पिवळट उरणारं. न खाज, न आग, न कसला सांगण्यासारखा वास. त्याच्याशी तिचं कधी भांडण नव्हतं. हे वेगळं होतं. थंडी सरता सरता सुरू झालं. पातळ, राखाडी, आणि इतकं की दुपारी कपडा बदलावा लागायचा. मग त्याला शिळ्या मासळीसारखा वास यायला लागला. मग एकदा, नवऱ्याजवळ झोपून उठल्यावर, कपड्यावर गुलाबी दिसलं. गुलाबी साबणाची वडी पाण्यात विसरली की खाली जसं पाणी साचतं तसलं. पाळीला अजून वेळ होता. तिनं तो कपडा गार पाण्यात टाकला, घासला, वाळत घातला, आणि स्वतःशी म्हणाली की उन्हाळ्यामुळे असेल. उन्हाळ्याला अजून अवकाश होता. मग नवरा जवळ आला की तिची पाठ दुखायला लागली. खरोखर दुखायची नाही, पण दुखते असं सांगता सांगता कंबरेत खरंच काहीतरी धरायला लागलं, खाली ओटीपोटात, ओल्या कपड्याचा पिळा ठेवावा तसं जड.

धुवायला तिनं साध्या पाण्यानं सुरुवात केली. आतपर्यंत. मग मिठाचं पाणी. मग जखमेवर लावायचं औषध पाण्यात घालून. त्यानं इतकी आग झाली की ती न्हाणीघरात भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, आणि तरी तिला बरं वाटलं, कारण आग होते म्हणजे काहीतरी मरतंय. शेवटी दुकानातून ती बाटली आणली. खास बायकांसाठी, आतून ताजंतवानं ठेवणारी. घरी येऊन बूच उघडलं आणि नाकानं लगेच ओळखलं, हा आपलाच. त्यांच्याच कारखान्याचा माल. मागच्या वर्षी ही पट्टी तिच्याच नाकाखालून गेली होती. हिरवं सफरचंद, खाली किंचित दुधाळ, वर पाऊस पडून गेल्यासारखं काहीतरी. ताजा आहे, मोकळा आहे, असं तीच म्हणाली होती, आणि मास्तरांनी मान डोलावली होती. तेव्हा तिला एकदाही वाटलं नव्हतं की हा कुठं जाणार आहे. कारखान्यात कधी कधी चरबी जुनी निघायची, तिला खवट वास मारायचा, मग मास्तर म्हणायचे, वर लिंबू चढवा. लिंबू चढवलं की वास जायचा. चरबी तशीच राहायची, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि आता बघा, हे सगळं माहीत असलेली बाई रोज सकाळी न्हाणीघरात बसून स्वतःवर हिरवं सफरचंद चढवत होती. वासखोलीत जायचं म्हणून मग तो सुगंधही साध्या पाण्यानं पुन्हा धुवून काढायचा. घरातून निघेपर्यंत सगळं कसं स्वच्छ. दुपारपर्यंत पुन्हा तेच.

की तेच नसायचं? हीच तर मेख होती. नाकाचं असं असतं की एक वास सतत पुढ्यात राहिला की थोड्या वेळानं ते त्याची दखल घेणं सोडून देतं. आपल्या घराला कसला वास आहे हे म्हणून तर आपल्याला कधीच कळत नाही. तिला कारखान्यातली जुनी चरबी कळायची, नवऱ्याच्या शर्टावरून आज तो कुठल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून आला ते कळायचं, लेकीनं वर्गात कुणाची शिळी बिस्किटं खाल्ली ते कळायचं. फक्त स्वतःचं कळत नव्हतं. दिवसातून अनेकदा ती कोपऱ्यात जाऊन नाक ताणून बघायची. कधी यायचा, कधी यायचा नाही, आणि यायचा नाही तेव्हा जास्त भीती वाटायची. चष्मेवालीनं नंतर पुन्हा हात वर केला नाही. पण एका सकाळी तिच्या शेजारून जाताना त्या पोरीच्या नाकपुड्या क्षणभर मिटलेल्या तिनं पाहिल्या, आणि पोरीनं लगेच नजर पट्टीकडे वळवली. म्हणजे हिला कळलंय. कळलंय आणि ही दया करतेय. ओरडली असती तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

तिची आईही अशाच एका खुर्चीबद्दल बोलली होती. आई पोस्टात खिडकीवर बसायची, तिकिटं विकायची, पार्सलं तोलायची. एकदा आई मावशीला सांगत होती की शेजारच्या खिडकीवालीनं आपली खुर्ची पलीकडच्या टेबलाशी हलवून घेतली, आणि मावशी म्हणाली, असेल तिला तिथं वारा जास्त. ती तेव्हा शाळकरी पोर, दोघींच्या मध्ये जमिनीवर बसून चित्रं रंगवत होती. अंगावरून जातंय गं सारखं, आई म्हणाली. मावशी म्हणाली, सगळ्याच बायकांना जातं, तुला काय वेगळं आहे का, आणि दोघी हसल्या. त्यानंतर केव्हातरी ते सुरू झालं. सकाळी पोस्टात जायला निघाली की आई तिला दारापाशी हाक मारायची, जवळ घ्यायची, आणि हळूच विचारायची, "वास येतोय का गं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं होतं, पोरं सांगतात तसं मोकळेपणी. येतो. आईचा चेहरा असा काही झाला की तिला वाटलं आपल्या हातून कपबशी फुटली. पण त्या संध्याकाळी आई निळ्या फुलांचा पावडरचा डबा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी विचारलं, आता? तिनं हुंगून पाहिलं, पावडरच येत होती. आता नाही, ती म्हणाली, आणि आईनं तिचा गालगुच्चा घेतला, कित्ती हुशार नाक आहे माझ्या बाईचं. ते कौतुक तिला फार आवडलं. ती रोज दारात जाऊन उभी राहायची. मग पावडर पुरेना, मग अत्तर आलं, मग खोलीच्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या. मोठं दुखणं आहे एवढंच पुढे घरात बोललं गेलं, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. लवकर दाखवायला नको का, असं मावशी दवाखान्याच्या खाटेजवळ रडत म्हणाली तेव्हा आईनं डोळे न उघडता उत्तर दिलं होतं. "कुणाला दाखवू? ती काय दाखवायची जागा आहे?" हे वाक्य तिला आईच्या आवाजासकट पाठ होतं. आई गेली तेव्हा आज तिचं जेवढं वय आहे त्याहून लहान होती.

म्हणून ती दवाखान्यात जात नव्हती. सोपं आहे. जोवर कुणी पाहिलं नाही तोवर ते नव्हतं. एकदा पाहिलं की ते होणार होतं, आणि झालं की खाट, उघड्या खिडक्या, दबके आवाज, सगळं ओळीनं येणार होतं. ती एवढंच करू शकली की औषधाच्या दुकानात गेली, दुसऱ्या वस्तीतल्या, आणि बहिणीला त्रास होतोय म्हणाली. तिला बहीण नव्हती. दुकानदारानं एक मलम आणि काही गोळ्या दिल्या, आणि देता देता विचारलं की बहिणीला मधेच रक्त वगैरे जातं का, कारण तसं असलं तर हे घेऊन भागायचं नाही, डॉक्टरलाच दाखवा. छे, तसलं काही नाही, ती इतक्या तोऱ्यात म्हणाली की तो बिचारा गप्प बसला. धुवून धुवून सुटलेली खाज मलमानं जरा कमी झाली. आठवडाभर तिनं चक्क गाणी म्हणत स्वयंपाक केला. नवरा लेकीला डोळ्यांनी खुणावत होता, बघ, गाडी रुळावर आली. मग एके सकाळी उठली तर पुन्हा गुलाबी, आणि या वेळी नवरा जवळही आलेला नव्हता.

रविवार होता. नवरा कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून घाईनं गेला होता. दुपारची वेळ, घरात ती आणि लेक दोघीच. लेकीला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी ती पेन्सिली कुरतडायची. आता कॉलेजात जात होती तरी पेनाची टोपणं कुरतडतच होती. खारूची आई न्हाणीघरातून बाहेर आली, अर्धा तास आत होती, सगळी बाटली संपवली होती. खारू वाळलेले कपडे घडी घालत होती. आणि काय झालं कुणास ठाऊक, ठरवलेलं काही नव्हतं, ती लेकीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि विचारून बसली.

"खारे, जरा जवळ ये. वास येतोय का गं?"

तोंडातून शब्द बाहेर पडले आणि ते तिच्या कानांनी ऐकले. तिनं कपाटाला धरलं. आवाजसुद्धा तोच, तसाच हळू, तसाच लाडीगोडीचा, नाही म्हण म्हणून आर्जव करणारा. खारूनं हातातला टॉवेल खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"येतो, आई. कधीपासून येतोय. वर ते सफरचंद असतं, खालून हा येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला कळतच असेल. तुला सगळ्यांचं कळतं. आणि बाबा म्हणाले तिला काही बोलू नकोस, ती आधीच घाबरलीय."

बाबा. म्हणजे त्यालाही. पाठ दुखते म्हटल्यावर निमूट दुसऱ्या अंथरुणावर जाणारा तो, माझं काही चुकलं का असं एकदाच विचारून पुन्हा न विचारणारा. या घरात तीन माणसं एका वासाभोवती चवड्यांवर चालत होती, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. तिला लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच नाही. वाटली ती भीती, नुसती गार भीती. कारण खरं सांगितल्यानं काय होतं हे तिला माहीत होतं. खरं सांगितल्यावर माणूस पावडर आणायला जातो. तिच्या मनात त्या क्षणी हेच चाललं होतं की दुकान उघडं असेल का, दुसरी बाटली मिळेल का, जरा कडक. खारूनं तिचं मनगट धरलं आणि उद्याच जायचं, मी येते, असं म्हणाली. ती हो म्हणाली. हो म्हणताना बाटलीचाच विचार करत होती.

आणि गेली तीसुद्धा तशीच. म्हणजे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायच्या आधी तिनं जसं धुतलं, तसं आजवर कधी धुतलं नव्हतं. डॉक्टरांसमोर घाणेरडं कसं जायचं? घरी पाहुणे येणार म्हणून आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसं ते. डॉक्टर बाई वयानं मोठ्या होत्या, बारीक चणीच्या, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायच्या. टेबलावर झोपून पाय वर घेतल्यावर तिनं छतावरच्या पंख्याकडे नजर लावली आणि घट्ट मिटलेल्या ओठांतून श्वास घेतला. गार धातू लागला तशी ती ताठ झाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, सैल सोडा, दुखलं तर सांगा, मी थांबेन. मग त्या दिव्याच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला, आज आतून धुवून आलात का? हो, ती जरा अभिमानानंच म्हणाली, स्वच्छ असावं म्हणून.

डॉक्टर बाईंनी तिला उठवून समोर बसवलं. रागावल्या नाहीत, पण शब्द मोजून बोलल्या. ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः करते, म्हणाल्या. तिथं चांगले जंतू असतात, तेच राखण करतात. तुम्ही धुवून धुवून ते घालवलेत, मग वाईटांनी घर केलं, आणि वास त्यांचा आहे. त्याला गोळ्या आहेत, तो जाईल. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काही म्हणता काही घालायचं नाही, सुगंधी तर नाहीच नाही. पांढरं जाणं हा काही आजार नव्हे, पण त्याचा रंग फिरला, वास मारायला लागला, खाज-आग सुटली, पोटात दुखून ताप आला, तर घरी उपाय करत बसायचं नाही. आणि पाळी नसताना रक्त दिसलं तर तपासणीला उशीर करायचाच नाही. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"वासाचं मला फार वाटत नाही. तुम्ही सांगितलेल्या त्या गुलाबीचं वाटतं. पण आत आज सगळं धुतलेलं आणि सोललेलं आहे, मला नीट नमुना मिळायचा नाही. दोन दिवस आत पाण्याचा थेंबही नको. जशा आहात तशा या."

जशा आहात तशा. ते दोन दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. रिकामी बाटलीसुद्धा खारूनं कचऱ्यात टाकली, तरी सवयीनं हात न्हाणीघरात त्या कोपऱ्याकडे जायचा. सुट्टी मागायला ती मास्तरांकडे गेली तेव्हा मुद्दाम दारातच थांबली. मास्तर म्हणाले, अहो, मोठा माल तपासायचाय, तुमच्याशिवाय कसं व्हायचं, सर्दी झालीय का? सर्दी म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण आईच्या शेजारची खिडकी तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिचं डोकंच फिरलं. सर्दी नाही, ती म्हणाली, अंगावरून जातंय, मधेच रक्तही जातं, परवा तपासणी आहे, आणि त्या दिवशीचा परका वास बेसिनचा नव्हता. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली, परत ठेवली, परत उचलली. मग म्हणाले, अहो मग इथं उभ्या काय आहात, जा की, माल काय पळून जातोय. चष्मेवाली दारामागे उभी राहून ऐकत होती. ती खालपर्यंत सोबत आली, जिना उतरताना तिचा दंड धरून राहिली, अगदी खेटून, नाक वगैरे न मिटता.

त्या दोन दिवसांत ती घरात एका खुर्चीवर बसून राहिली. भीती काही कमी झाली नाही. झाकायला काही हाताशी नव्हतं म्हणून उलट वाढली. नवरा कामावरून आला की सरळ येऊन तिच्या शेजारी बसायचा, ग्रीसच्या हातांसकट, आणि ती सरकली तर तोही सरकायचा. एकदा त्याला म्हणाली, "अहो, मला आईसारखं झालं असेल तर?" तो म्हणाला, माहीत नाही. खोटा धीर द्यायला तो कधीच शिकला नव्हता. मग तिचा हात धरून म्हणाला, लिफ्ट अडकली की आतली माणसं बटणं दाबत बसतात, बाहेर कुणाला हाक मारत नाहीत, मला तर त्यांचं नवलच वाटतं. ती त्याच्यावर चिडली. इथं जिवाचं काय होणार ते कळत नाही आणि ह्यांना लिफ्ट सुचतेय. पण त्याचा हात तिनं सोडला नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर बाईंनी आधी प्रश्न विचारले. किती दिवसांपासून, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जातं का, ही तपासणी पूर्वी कधी केली होती का. कधीच नाही, ती म्हणाली. घरात कुणाला काही होतं का? आईला होतं, ती म्हणाली. काय होतं? आणि मग जे नाव तिच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं, जे तिनं मोठेपणी आईच्या दवाखान्याच्या कागदांत वाचलं होतं, ते तिनं उच्चारलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. हे सांगताना तिला घाम फुटला. डॉक्टर बाईंनी नुसती मान हलवली, जणू बाईनं पत्ता सांगितला. मग टेबल, पंखा, गार धातू. ब्रशानं नमुना घेतला, भिंगातून पाहून चिमटीएवढा एक तुकडा घेतला. चिमटा बसल्यासारखं दुखलं, ती ओरडली नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या की स्पर्श केला की तिथं रक्त येतंय, ते सुजेनंही येऊ शकतं, रिपोर्ट येईपर्यंत तर्क करत बसू नका. तर्क करत बसू नका! त्यानंतर तिनं तर्काशिवाय दुसरं काहीच केलं नाही. भांडी घासताना केला, बसची वाट बघताना केला. गोळ्यांनी वास गेला, खारू रोज न विचारता सांगायची, गेला गं आई, खरंच गेला. तो गेल्याचं तिला सुख नव्हतं. आता तर खूणही उरली नाही असंच तिला वाटायचं.

रिपोर्टच्या दिवशी खारू आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसले आणि ती एकटीच आत गेली. एकटीनं ऐकायचं हे तिनंच ठरवलं होतं. डॉक्टर बाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि तिला तेवढ्यात आपल्या घरातल्या खिडक्या उघडल्या गेल्याचं ऐकू आलं.

"हा कर्करोग नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पेशी बदलायला लागल्यात. असंच सोडलं असतं तर काही वर्षांत होऊ शकला असता. तेवढा भाग काढून टाकू. सकाळी याल, दुपारी घरी जाल. पुढे मात्र तपासणी चुकवायची नाही."

ती ऐकत होती. शब्द एकेक करून आत जात होते आणि ओळीनं बसत होते. नाही. असता. काढून टाकू. दुपारी घरी. तिनं पदरानं तोंड पुसलं. ते रक्त म्हणजे तेच होतं का, असं विचारलं, तर डॉक्टर बाई म्हणाल्या, नाही, ते बहुतेक सुजेचं. या पेशी स्वतः काही बोलत नाहीत, तुम्ही रक्ताला घाबरून आलात म्हणून त्या सापडल्या. बरं झालं, घाबरलात. मग त्या कागदावर पुढची तारीख लिहायला लागल्या. तिला उठायला हवं होतं. बाहेर दोघं ताटकळत बसले होते. पण ती उठली नाही.

"डॉक्टर, माझी आई. ती गेली त्याला खूप वर्षं झाली. तेव्हाही होती का ही तपासणी?"

"होती की."

"मग ती आली असती तर? सुरुवातीलाच आली असती तर कळलं असतं?"

डॉक्टर बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या. "वेळेवर आल्या असत्या तर बहुतेक कळलं असतं. बहुतेक वाचल्या असत्या."

तेव्हा ती रडायला लागली. हमसून, लहान पोरासारखी, टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून. आवाज ऐकून खारूनं दार ढकललं, तिच्या मागे नवरा, दोघांचे चेहरे पांढरेफटक. डॉक्टर बाई गडबडल्या, उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "अहो, असं काय करता, मी चांगली बातमी दिलीय तुम्हाला."

"चांगलीच आहे हो," ती म्हणाली, आणि रडतच राहिली.